परीक्षेच्या आधीची शाळा

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या हक्कांची चर्चा महाराष्ट्रात साधारणपणे जानेवारीत सुरू होते आणि मार्चअखेर संपते. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की लेखनिक कुठून आणायचा, वाढीव वेळ कुणाला मिळतो, कुठल्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र चालते, विभागीय मंडळाकडे प्रस्ताव गेला की अजून शाळेतच पडून आहे, असे प्रश्न मुख्याध्यापकांच्या खोलीत गर्दी करतात. पालकांची धावपळ होते, वर्तमानपत्रात एखादी बातमी येते, क्वचित कुणी न्यायालयात जाते, आणि निकाल लागला की पुढच्या जानेवारीपर्यंत सगळे शांत. ज्या मुलाला दहावीच्या पेपरला लेखनिक मिळाला त्याला तिसरीत वाचायला कुणी शिकवले, सहावीत त्याला फळ्यावरचे दिसत होते का, आठवीत प्रयोगशाळेचा जिना तो कसा चढत होता, हे विचारायचे राहून जाते. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. कायद्याने दिव्यांग मुलांना दिलेला हक्क शाळेतल्या रोजच्या शिकण्याचा आहे, आणि आपण तो परीक्षेच्या तीन तासांत कोंबून बसवला आहे. हे पुस्तक त्या हक्काची कलमे, नियम आणि अर्ज यांची माहिती देते. ती वाचण्याआधी हा हक्क इतका आक्रसला कसा, हे पाहून घेतलेले बरे.

दिव्यांगांचे शिक्षण हा आपल्याकडे फार काळ दयाधर्माचा प्रांत होता. मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली १८८० च्या दशकात, अंधांची विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. पुढाकार आधी मिशनऱ्यांचा, मग दानशूर मंडळींचा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईतच १९४४ मध्ये जय वकील शाळा उभी राहिली. या संस्थांचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. सरकारला सुचतही नव्हते तेव्हा त्यांनी काम केले. पण तिथे मिळणारी जागा संस्थेच्या सद्भावनेवर मिळे, मागणाऱ्याला हक्क म्हणून काही सांगता येत नसे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शक्य तितक्या मुलांना सर्वसाधारण शाळांतच सामावून घ्यावे असे सुचवले, १९७४ मध्ये केंद्राने त्यासाठी योजना काढली, आणि योजना जशा चालतात तशी ती चालली. हक्काची भाषा आली ती १९९५ च्या कायद्याने. त्याने सात प्रकारची अपंगत्वे मानली आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारास मान्यता दिली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, २०१२ च्या दुरुस्तीने त्यात दिव्यांग मुलांचा समावेश वंचित गटात झाला, आणि अखेर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांची एकवीस अपंगत्वे झाली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे विकारही आले.

या कायद्याचा गाभा मात्र एकवीसच्या यादीत शोधून सापडणार नाही. तो आहे वाजवी सोय या कल्पनेत. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क वापरता यावा म्हणून त्या व्यक्तीपुरते, त्या परिस्थितीपुरते जे आवश्यक आणि योग्य फेरबदल करावे लागतील ते करायचे. फक्त ते करताना करणाऱ्यावर प्रमाणाबाहेर बोजा पडता कामा नये. ही कल्पना मुळात अपंगत्वाच्या संदर्भात जन्मलेली नाही, हे गमतीचे आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये नागरी हक्क कायद्यात दुरुस्ती झाली ती कामगारांच्या धार्मिक आचारासाठी: ज्याचा विश्रांतिवार शनिवारी येतो त्याच्या पाळ्या मालकाने जमेल तशा जुळवून घ्याव्यात. तिथून ती अपंगांच्या कायद्यांत आणि पुढे २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात पोचली. आपल्या कायद्यातही तिला धार आहे. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव, असे त्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. म्हणजे शाळेने मुलाला हाकलले पाहिजे, अपमानित केले पाहिजे, असे काही लागत नाही. पहिल्या बाकावर बसवले तर ज्याला फळा दिसला असता त्याला शेवटच्या बाकावर ठेवले आणि मागूनही जागा बदलली नाही, एवढ्यानेही कायदा मोडतो.

आणि हे बंधन नुसते सरकारी शाळांपुरते नाही. कलम १६ सरकारी अनुदान घेणाऱ्या आणि सरकारची मान्यता असणाऱ्या सगळ्याच शिक्षणसंस्थांना लागू आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळाही मान्यतेवाचून चालत नाहीत. प्रवेशात भेदभाव न करणे, इमारत आणि आवार सुगम करणे, मुलाच्या गरजेनुसार वैयक्तिक मदत देणे, अंध आणि बधिर मुलांना योग्य त्या भाषेत व माध्यमात शिकवणे, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर उपाय करणे, प्रत्येक दिव्यांग मुलाचा सहभाग आणि प्रगती तपासत राहणे, ही सगळी त्या कलमातली कामे. कलम १७ सरकारला शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला सांगते, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला सांगते, ब्रेल आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमायला सांगते. वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टीही कलम १७ मध्ये आहेत. पण कुठे, तर अनेक उपकलमांपैकी एकात, तेही अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धती यांत बदल करण्याची उदाहरणे म्हणून. आपल्या व्यवहारात मात्र ते एक उपकलमच संपूर्ण कायदा होऊन बसले आहे.

याचे एक कारण महाराष्ट्राच्या चांगल्या कामातच आहे. अध्ययन अक्षमता हा शब्द देशात फारसा कुणाला ठाऊक नव्हता तेव्हा, १९९६ मध्ये, राज्य सरकारने अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित. 'तारे जमीन पर' हा चित्रपट यायला तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता. हजारो मुले या निर्णयामुळे दहावीच्या पलीकडे गेली असतील आणि त्याबद्दल त्या अधिकाऱ्यांचे, डॉक्टरांचे, पालकांचे आभारच मानले पाहिजेत. पण निर्णयाचा आकार पाहा. वाचता न येणाऱ्या मुलाला वाचायला शिकवण्याची व्यवस्था त्यात नव्हती. वाचता येत नाही हे गृहीत धरून परीक्षेची उंची कमी करण्याची होती. गणित सोडले की दहावी सुटते आणि त्याबरोबर अकरावी विज्ञान, तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी हेही सुटते. पंधराव्या वर्षी घेतलेला हा निर्णय मुलाच्या कुवतीवर झाला की सात वर्षे त्याला कुणी नीट अंकगणित न शिकवल्याच्या परिणामावर, हे तपासण्याची सोय कुठेच नाही. सवलत द्यायला सोपी आणि शिकवणे अवघड. यंत्रणेने सोपे ते उचलले.

प्रमाणपत्राची पद्धत याच दिशेने ढकलते. केंद्राने २०१८ मध्ये अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार आठ वर्षांच्या आतल्या मुलाला प्रमाणपत्र मिळत नाही आणि पुढे चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. वैद्यकीयदृष्ट्या याला कारण आहे: लहान वयात उशिरा वाचणे आणि वाचता न येणे यांत फरक करणे कठीण. शाळेच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा, की पहिली-दुसरीत, जेव्हा अक्षरओळखीचा आणि बाराखडीचा पाया घातला जातो, तेव्हा कागदच नसतो. आणि कागद नाही म्हणून मदत नाही, ही आपल्या कार्यालयांची जुनी रीत. कायदा असे म्हणत नाही. चाळीस टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासारख्या काही लाभांसाठी आहे, तसेच सहा ते अठरा वयोगटाच्या मोफत शिक्षणाच्या विशेष तरतुदीसाठी आहे. वाजवी सोयीसाठी ती नाही. वर्गशिक्षिकेने एखाद्या मुलाला उतारा मोठ्याने वाचून दाखवावा, तोंडी उत्तर ऐकून घ्यावे, अक्षर मोठे करून द्यावे, यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची सही लागत नाही.

टक्केवारीचा हा गोंधळ सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात निकाली काढला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला २०१८ च्या नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला होता. वैद्यकीय मंडळाने मोजलेले त्याचे अपंगत्व भरले होते ६ टक्के. न्यायालयाने म्हटले, की चाळीस टक्क्यांची रेषा लेखनिकाच्या बाबतीत ओढता येणार नाही. वाजवी सोयीचा हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा आहे आणि ती देताना त्या व्यक्तीची प्रत्यक्ष अडचण पाहिली पाहिजे. सरकारला नवी तत्त्वे करायला तीन महिने दिले होते. ती आली १० ऑगस्ट २०२२ रोजी. विकास कुमार निकालाच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले आणखी एक प्रकरण निकाली निघाले. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत लेखनाची अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला हक्काचा वाढीव तास केंद्रावर मिळालाच नव्हता. फेरपरीक्षा न्यायालयाने दिली नाही, पण झालेला अन्याय कसा भरून काढता येईल ते आठवड्याभरात ठरवा, असे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या तिसऱ्या प्रकरणात, १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात, वाचा आणि भाषेचे ४४-४५ टक्के अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला नुसत्या आकड्यावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का हे तज्ज्ञ मंडळाने तपासायला हवे, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले.

हे तिन्ही निकाल महत्त्वाचे आहेत आणि पुढील पानांत ते सविस्तर येतात. वाचकाने त्यांच्यातले एक साम्य तेवढे लक्षात घ्यावे: तिन्ही प्रकरणे परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या दाराशी घडलेली आहेत. याचे कारण साधे आहे. परीक्षेला तारीख असते, नकाराला पत्र असते, पत्राला जावक क्रमांक असतो आणि नुकसान गुणांत मोजता येते. न्यायालयात जाण्यासाठी लागणारे सगळे साहित्य परीक्षा आपोआप पुरवते. चौथीच्या वर्गात बधिर मुलीकडे पाठ करून फळ्यावर लिहीत बोलणारे शिक्षक कुठलाही आदेश काढत नाहीत. तिचे ओठवाचन तेवढा वेळ बंद पडते, दिवसातून वीस वेळा, वर्षातून दोनशेहून अधिक दिवस, आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. म्हणून कायद्याचा विकास जिथे कागद आहे तिथे झाला आणि जिथे शिकणे घडते तिथे तो पोचला नाही. वकिलांना किंवा न्यायाधीशांना दोष देण्यासारखे यात काही नाही. पण निकालांची संख्या पाहून हक्क रुजल्याचे समाधान मानणाऱ्यांनी थोडे थांबावे.

परीक्षेच्या चौकटीत न बसणाऱ्या मुलाचे उदाहरण घ्यायचे तर सिकलसेलचे घ्यावे. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातल्या लाल पेशींचा आकार बिघडतो, त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अचानक असह्य वेदना उठतात. अशा मुलाला लेखनिक काय कामाचा? त्याला वर्गात हवे तेव्हा पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा हवी, थंडीत सकाळच्या मैदानी कवायतीतून सूट हवी, दुखणे उठल्यावर पडायला जागा हवी, रुग्णालयात गेलेल्या दिवसांची हजेरी कापली जाऊ नये आणि बुडालेला अभ्यास कुणीतरी भरून काढावा. आश्रमशाळेच्या अधीक्षकाला आजाराची चार वाक्यांत माहिती दिली तरी यातले बरेचसे साधते. एकवीसच्या यादीत हा आजार आहे. पण या मुलाला दहावीपर्यंत टिकवण्याचा विचार आपण त्या यादीबरोबर केला नाही.

टिकण्याचा प्रश्न किती मोठा आहे हे २०११ च्या जनगणनेत दिसते. देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, लोकसंख्येच्या २.२१ टक्के; महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. हे आकडे सात-आठ प्रकारांच्या जुन्या व्याख्येवरचे आहेत, त्यामुळे ते कमीच मानावेत. पाच ते एकोणीस वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी त्या वेळी शिक्षणसंस्थेत जाणारी ६१ टक्के होती, १२ टक्के जाऊन सोडलेली, आणि २७ टक्के कधीच न गेलेली. शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यानंतरच्या वर्षातली ही गोष्ट. वाढीव वेळेचा वाद ज्यांच्यापर्यंत पोचतो ती मुले या अर्थाने नशीबवान म्हणायची. कधीच शाळेत न गेलेल्या चौथ्या हिश्शाला लेखनिकाच्या नियमातली सुधारणा कशी उपयोगी पडणार?

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत जोरकस आक्षेप न्यायाचा आहे: एकाला तीन तास आणि दुसऱ्याला चार, ही स्पर्धा कसली? २०१८ च्या केंद्रीय तत्त्वांनुसार दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. शिवाय खोट्या प्रमाणपत्रांची भीती आहे, आणि ती निराधार नाही; २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाव्यावरून उठलेले वादळ महाराष्ट्र विसरलेला नाही. पहिल्या मुद्द्याचे उत्तर संशोधनात मिळते. स्टीफन सिरेसी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये परीक्षेतल्या सोयींवरील अभ्यासांचा आढावा घेतला. वाढीव वेळेने इतर विद्यार्थ्यांनाही थोडा फायदा होतो, पण दिव्यांग विद्यार्थ्यांना तो अधिक होतो, असे त्यांना दिसले. यातून दोन्ही बाजूंनी धडा घ्यावा. सोय खरी आहे, तिने खरे ज्ञान कागदावर येते. आणि इतरांनाही वेळ कमी पडत असेल तर पेपर ज्ञान तपासतो की हाताचा वेग, हे पेपर काढणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवे. भूगोलाच्या पेपरात मोसमी वाऱ्यांची समज तपासायची असेल तर मिनिटाला किती शब्द लिहिले याला महत्त्व नाही.

खोट्या प्रमाणपत्रांविषयी मात्र आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत आहे; माझे म्हणणे एवढेच, की त्यांचे निदान अर्धे आहे. जिथे सगळा लाभ एका कागदावर आणि एका परीक्षेवर एकवटतो तिथे त्या कागदाचा बाजार होणारच. तपासणी कडक करा, जरूर करा. पण तिचा भार खऱ्या गरजूंवरच अधिक पडतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन हेलपाटे मारणे ज्याला परवडत नाही तो आधी गळतो, खोटा कागद विकत घेणारा शेवटी. मुलाला तिसरीपासून कोणत्या सोयी लागल्या, त्यांतल्या कोणत्या उपयोगी पडल्या, याची नोंद शाळेने वर्षानुवर्षे ठेवली असेल तर दहावीच्या तोंडावर उगवलेले अपंगत्व लगेच ओळखू येते. सात वर्षांची शाळेची वही खोटी करणे एका सहीइतके सोपे नाही. म्हणजे गैरवापर रोखायचा असेल तरी उपाय वर्गातच आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लहान गावातल्या शाळेला पत्रे गळतात ते बदलायला पैसे नाहीत, तिने उतरण बांधायची, ब्रेल पुस्तके आणायची कशी? इथे खर्चाच्या दोन जाती वेगळ्या केल्या पाहिजेत. इमारतीची सुगमता हा शाळेच्या खिशाचा प्रश्न नाही, सरकारच्या नियोजनाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत करायला केंद्राला सांगितले. उरलेल्या सोयींपैकी बऱ्याच फुकट असतात: जागा बदलणे, वर्ग तळमजल्यावर आणणे, प्रश्न तोंडी विचारणे, फळ्यावर लिहिताना तेच मोठ्याने म्हणणे, गृहपाठ निम्मा करणे. अवाजवी बोज्याचा अपवाद कायद्यात आहे आणि तो राहायला हवा, पण तो वापरणाऱ्याने बोजा कोणता आणि किती हे त्या प्रकरणापुरते दाखवून दिले पाहिजे. आमच्याकडे अशी सोय नाही, एवढे वाक्य पुरत नाही; सोय नाही म्हणूनच तर ती मागितली जाते.

तिसरा आक्षेप विशेष शाळांच्या बाजूने येतो आणि मला तो सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. सगळ्यांना एकाच वर्गात बसवण्याच्या हट्टापायी बधिर मुलांचे तर नुकसानच होईल, असे जाणकार म्हणतात. जिथे एकही जण सांकेतिक भाषा बोलत नाही अशा वर्गात बसलेली बधिर मुलगी समाविष्ट नसते, एकटी असते. हे खरे आहे. आंतरराष्ट्रीय करारानेही अंध, बधिर आणि बहिरे-अंध मुलांना त्यांच्या योग्य भाषेत, त्यांची वाढ जिथे सर्वाधिक होईल अशा वातावरणात शिक्षण मिळावे असे म्हटले आहे, आणि आपल्या कायद्याचे कलम ३१ चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा की विशेष शाळा ही निवड देते. निवड खरी हवी, एवढीच अट. जवळच्या शाळेने हात वर केले म्हणून पालक विशेष शाळेत गेले तर ती निवड नव्हे. घरी शिक्षणाच्या तरतुदीबद्दल तर मला जास्त शंका वाटते. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय दिला. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी तो आवश्यकही आहे. पण फिरता शिक्षक आठवड्यातून एकदा घरी येऊन जातो आणि पटावर मूल शिकते आहे अशी नोंद राहते, तेव्हा या पर्यायाचा उपयोग मुलापेक्षा शाळेलाच होतो.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा आहे. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे शिक्षणहक्क कायद्याचे प्रमाण अनेक वर्गांत कागदावरच आहे. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणे, आणि वर हे? तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर एकट्या शिक्षकाकडे मागणे अन्याय होईल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षक हवेत, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक, असे सांगितले. तीन वर्षांहून अधिक काळानंतर, मार्च २०२५ मध्ये, पदे निश्चित करून जाहीर करा असा आदेश राज्यांना पुन्हा द्यावा लागला. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे हे काम कंत्राटी विशेष शिक्षकांनी गटसाधन केंद्रांतून, एका वेळी अनेक शाळा सांभाळत केले आहे. त्यात आणखी एक अडचण रचनेची आहे. विशेष शाळा एका विभागाकडे, सर्वसाधारण शाळा दुसऱ्याकडे. विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, इतरांची पात्रता वेगळ्या परिषदेकडे. २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला, हे चांगलेच. पण दिव्यांग मूल बसते शालेय शिक्षण विभागाच्या बाकावर, आणि दोन विभागांच्या मधल्या फटीत कितीतरी प्रस्ताव पडून राहतात.

कायद्याच्या बाजूने बोलताना त्याच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. कलम १६ मध्ये शाळांची कामे तपशिलाने आहेत, पण त्या कलमाच्या सुरुवातीला सरकारवर टाकलेले कर्तव्य प्रयत्न करण्याचे आहे, करून दाखवण्याचे नाही. तक्रार निवारण अधिकारी नेमण्याची सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे, खासगी शाळांवर नाही. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दंड दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. मोठ्या शाळेला पहिला दंड जाणवणारही नाही. मुलाचे वाया गेलेले वर्ष भरून देण्याची तर सरळ तरतूदच नाही. राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते, पण त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. हा कायदा बदलायला हवा, असे माझे मत आहे: प्रत्येक दिव्यांग मुलासाठी वर्षारंभी शाळा, पालक आणि विशेष शिक्षक यांनी मिळून वैयक्तिक आराखडा लेखी करणे बंधनकारक करावे आणि त्या आराखड्याचा भंग हा दाद मागण्याचा आधार ठरावा. तसे झाले तर चौथीच्या वर्गातल्या नकारालाही कागद मिळेल.

तोवर जे हातात आहे ते वापरावे. या पुस्तकाचा सर्वांत चांगला उपयोग जूनमध्ये आहे, जानेवारीत नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्यावा: मुलाला कोणती अडचण येते, वर्गात नेमकी कोणती सोय हवी, आणि ती कलम १६ खाली मागत आहोत. प्रमाणपत्र असेल तर जोडावे, नसेल तर ते मिळण्याची वाट पाहत बसू नये. अर्जाची पोच घ्यावी. शाळेने नकार दिला तर तो लेखी मागावा. शिक्षकांनाही माझी विनंती आहे, की असा अर्ज आला तर त्याला तक्रार समजू नये. वरिष्ठांकडे विशेष शिक्षक मागण्यासाठी तुमच्या हातातला तोच सर्वांत पक्का पुरावा आहे. उत्तर आले नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि त्यांची शिफारस पोचल्यावर संबंधित यंत्रणेने काय कारवाई केली, किंवा ती का मानली नाही, हे तीन महिन्यांत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.